कमरेची गाठ आणि न भरणारी जखम

लक्ष्मीपुरीत किंवा गुजरीत गादीवर बसून व्यापार करणारी जुनी पिढी बहुतांशी धोतर नेसणारी. घरातील ज्येष्ठ महिला नऊवारीत वावरत. रोज एकाच जागी आवळल्या जाणाऱ्या गाठीने कमरेची त्वचा काळवंडे, खरखरीत होई. त्यास कोणी रोग मानीत नसे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मात्र १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह नेमक्या याच जागी उद्भवणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. ‘धोती कॅन्सर’ हे नाव वैद्यकशास्त्रात रूढ झाले ते तेव्हापासून.

वस्त्रात विष नसते. दोष असतो तो न शमणाऱ्या दाहाचा. जखम झाली की पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतूंवर दाहक रसायने सोडतात, नव्या पेशी घडविण्याचे संदेश देतात आणि काम उरकताच माघारी फिरतात. घर्षण रोजचेच असेल तर ही माघार होतच नाही. तीच रसायने शेजारच्या निरोगी पेशींच्या गुणसूत्रांना इजा करतात, आणि पेशी सतत विभागत राहिल्याने ती चूक, खतावणीतील चुकीची बाकी वर्षानुवर्षे पुढे ओढली जावी तशी, पुढच्या पेशींत उतरते. कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे जर्मन शास्त्रज्ञ फिरखो यांनी १८६३ मध्येच हेरले होते. यकृतात हिपॅटायटिस बी व सी, जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू याच वाटेने जातात. जेवणानंतरच्या सुपारीने तोंड आखडते, तेही याच जातीचे दुखणे. त्यावर स्वतंत्र लेखच हवा.

धोतर मागे पडले, तरी विषय संपलेला नाही. वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये दोन महिलांची माहिती प्रसिद्ध केली. सत्तर वर्षांच्या एकीच्या कुशीवर परकराच्या नाडीखालील जखम अठरा महिने भरली नव्हती. दुसरी चाळीस वर्षे लुगडे घट्ट नेसत होती. निदान होईतो रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.

हा आजार विरळा आहे. प्रत्येक काळा वळ पाहून घाबरण्याचे कारण नाही. नाडीऐवजी रुंद पट्टा लावावा, गाठ सैल ठेवावी, तिची जागा बदलावी. मात्र तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम संकोचाने झाकून मलमांवर दिवस काढणे घातक होय. तेथील लहानसा तुकडा काढून तपासला की निदान होते, आणि वेळीच कळल्यास बहुधा शस्त्रक्रियेने भागते.