नवा डबा आला की कोड कशाला उघडायचा?

मंडळी, टेलिकॉम नेटवर्कमध्ये कुठे काय बसवलंय हे शोधून नोंदवणारी सॉफ्टवेअरं मी लिहितो. आज आमच्याच जमातीशी जरा भांडायचंय.

डिस्कव्हरी म्हणजे काही जादू नव्हे. सॉफ्टवेअर एकेका आयपी पत्त्यावर एसएनएमपीने विचारतं, 'बाबा, तू कोण?' उपकरण एक लांबलचक आकडा सांगतं: सहसा आधी १.३.६.१.४.१, मग कंपनीचा क्रमांक (सिस्कोचा ९), पुढे मॉडेल. आकडा आमच्या तक्त्यात असला तर ओळख पटली, नाहीतर स्क्रीनवर 'अननोन'.

कुठल्या स्लॉटमध्ये कुठलं कार्ड, त्याचा सिरीयल नंबर काय, हे सांगायची प्रमाण पद्धत आहे: एन्टिटी मिब. पण सगळेच ती नीट भरत नाहीत. बरीच माहिती कंपनीच्या खाजगी मिबमध्ये दडलेली असते. म्हणून नव्या मॉडेलसाठी सॉफ्टवेअर वाढवावं लागतं. इथवर ठीक.

पण ही वाढ कोडमध्येच करायची असेल तर चेंज रिक्वेस्ट आली, कोटेशन आलं, पुढच्या रिलीजची वाट बघणं आलं. तोवर ऑपरेटरचा इंजिनियर काय करतो? एक्सेल! रात्री दोनला लिंक पडली की तो आमचा स्क्रीन नाही, ती शीट उघडतो. शीट जुनी असली तर माणूस भलतंच कार्ड घेऊन साइटवर पोचतो, आणि लोकांचं नेट सकाळपर्यंत बंद.

खरं तर नव्या उपकरणाची ओळख ही माहिती आहे, कोड नव्हे. हा आकडा आला तर हे मॉडेल, कार्डांची यादी इथे, सिरीयल नंबर तिथे. बस्स. ओपनएनएमएस या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या उपकरणाकडून कुठली मोजमापं घ्यायची, हे याच आकड्यावरून एक्सएमएल फायलीत ठरवता येतं. मग इन्व्हेंटरीलाच काय धाड भरलीय?

'कस्टमर फाइल बिघडवेल,' हे ठरलेलं उत्तर. अहो, मग फाइल तपासून घ्या, आधी एकाच उपकरणावर चालवून दाखवा, मगच नोंदी बदला. ज्याला एसएनएमपी धड बोलता येत नाही त्या डब्यासाठी लिहू की कोड! पण तो अपवाद. त्याच्या नावावर सगळ्यांचं बिल कशाला?

तेव्हा ऑपरेटरकडे काम करणाऱ्यांनो, पुढच्या डेमोत 'किती मॉडेलं सपोर्ट करता?' हे विचारूच नका. 'तुम्हाला फोन न करता मी नवं मॉडेल कसं घालू?' एवढंच विचारा. आणि तिथेच, तुमच्यासमोर, घालून दाखवायला सांगा.