विश्लेषण : जर्मनीची नोकरी मिळाली, पण तिथल्या वॉर्डात टिकायचे कसे, हे कोण शिकवणार?

महाराष्ट्र आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाला. पहिल्या टप्प्यात १० हजार जणांना पाठवण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि त्यात परिचारिकांचाही समावेश होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजार केली. बुलढाणा, खामगाव, चिखली, मेहकर भागात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या मुलींसाठी ही मोठी संधी आहे. मात्र तयारीचा सगळा भर भाषेच्या परीक्षेवर आहे.

कोचिंग म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे कोचिंग म्हटले की क्लास आठवतो. परदेशी कंपन्यांमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. नव्या देशात रुजू झालेल्या व्यक्तीसोबत एक अनुभवी मार्गदर्शक काही महिने काम करतो. कामातील अडचणी, वरिष्ठांशी बोलणे, पुढची बढती यावर दोघांची नियमित चर्चा होते. ही सोय बहुतेक वेळा मोठ्या पदावरच्या अधिकाऱ्याला मिळते. रात्रपाळी करणाऱ्या नर्सला ती क्वचितच मिळते, आणि खरी गरज तिलाच असते.

अडचण कुठे येते?

आपल्या रुग्णालयांत रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे बहुतांशी नातेवाईक करतात. जर्मनीत ती परिचारिकेच्याच कामाचा भाग आहेत. बी.एस्सी. झालेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात ‘आपल्याला आयाचे काम दिले’ असे वाटू शकते. त्यात पदवीला पूर्ण मान्यता मिळेपर्यंत तिला सहायक म्हणून, कमी पगारावर काम करावे लागते. मान्यतेसाठी तिथे अनुकूलन प्रशिक्षण किंवा ज्ञानचाचणी पूर्ण करावी लागते.

दुसरी अडचण बोलण्याची. डॉक्टरांनी लिहिलेला डोस चुकीचा वाटला तर तसे स्पष्ट सांगणे तिथे अपेक्षित असते. ‘मोठ्यांना उलटून बोलू नये’ हे ऐकत वाढलेल्या मुलीसाठी हे जर्मन व्याकरणापेक्षा अवघड आहे. बी-२ पातळीचे प्रमाणपत्र इथे कामी येत नाही. सुटी मागणे, पाळी बदलून घेणे, अपमान झाल्यास तक्रार करणे याचा सराव आधीच करून घ्यावा लागतो.

सरकारी प्रशिक्षण पुरेसे आहे का?

परराष्ट्र मंत्रालयाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षण २०१८ पासून सुरू आहे. ते एका दिवसाचे असते. कायदा, करार, त्या देशातील रीतीभाती यांची माहिती त्यात मिळते. व्यवसायातील घडण एका दिवसात होणे शक्य नाही. इतर राज्यांकडे पाहिले तर केरळची ‘नोर्का रूट्स’ ही सरकारी संस्था जर्मनीसोबतच्या ‘ट्रिपल विन’ योजनेतून नर्सना मोफत भाषा शिकवते आणि तिकडे गेल्यावरही मान्यतेच्या प्रक्रियेत साथ मिळते. बुलढाण्याच्या मुलीला मात्र बऱ्याचदा खासगी एजंटच गाठावा लागतो.

सही करण्यापूर्वी काय पाहावे?

नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकेच सेवाशुल्क घेता येते. त्याहून जास्त मागणी झाली तर ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर एजंटची नोंदणी तपासावी. आखाती देशांसह १८ देशांत जाणाऱ्या नर्सना २०१५ पासून, दहावी उत्तीर्ण असल्या तरी, उत्प्रवास परवानगी लागते. व्हिजिट व्हिसावर पाठवणारा एजंट हीच पायरी टाळत असतो.

करारातील परतफेडीचे कलम तर ओळ न् ओळ वाचावे. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षण आणि प्रवासाचा खर्च परत मागण्याची तरतूद काही करारांत असते. नर्सने छळ सहन करत राहण्यामागे अनेकदा हीच भीती असते. रक्कम किती आणि दर महिन्याला ती कमी होते का, हे लेखी घ्यावे. पासपोर्ट कोणाकडेही ठेवायला देऊ नये. तिकडे अडचण आल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. बुलढाण्यातील घरच्यांनाही ती इथूनच करता येते.