माया वेगळी, उचलणे वेगळे

‘यंत्रमानव : शाप की वरदान?’ वक्तृत्व स्पर्धांच्या यादीत हा विषय हटकून असतो. त्यावरची बरीच भाषणे मी आजवर ऐकली. शापाच्या बाजूने बोलणारा वक्ता शेवटच्या मिनिटाला आवाज खाली आणतो आणि विचारतो, “यंत्राला आईची माया येईल काय?” टाळ्या पडतात. परीक्षकही मान डोलावतात. मला मात्र दर वेळी त्या वक्त्याला विचारावेसे वाटते की, मित्रा, तुझ्या घरातल्या आजारी माणसाला सकाळी संडासला कोण नेते? तू नेत नसावास, असा माझा आपला एक अंदाज आहे.

‘रोबोट’ हा शब्द जगाला दिला कारेल चापेक ह्या चेक नाटककाराने, १९२० साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ ह्या नाटकातून. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने बिनमोल राबायचे, ती रोबोता. हा अर्थ वाचला तेव्हा मला वाळूजच्या कारखान्यांच्या आधी आमचे घरच आठवले. वेठ म्हणजे काय, हे शिकायला आम्हां मुलींना चेक भाषेपर्यंत जावे लागत नाही.

आम्ही उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांत पाच माणसे राहतो. दोन वर्षांपूर्वी आजीला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आई पहाटे सहाला एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते. त्याच सुमारास वडील वाळूजला पहिल्या पाळीला निघतात. धाकट्या भावाला कुणी काही सांगत नाही, आणि नातवाने आपल्याला मोरीत न्यावे हे आजीलाही रुचायचे नाही. राहिले मी. आजीचे वजन बावन्न किलो, माझे चव्वेचाळीस. पहिला तास साडेसातला. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, तेव्हा तास बुडतो म्हणजे नेमके काय होते हे घरात कुणाला नीटसे ठाऊक नाही. आजीला तेवढे कळते. “माझ्यापायी तुझं कालेज बुडतंय गं माय,” असे ती म्हणते. नुसते म्हणत नाही. संध्याकाळी पाच वाजल्यानंतर ती पाणी पीत नाही. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितले आहे, आणि ही बाई रात्रभर तहानलेली राहते. का, तर कुणाला हाक मारून उठवावे लागू नये म्हणून!

ह्याला मराठीत फार नेमका शब्द आहे : मिंधेपण. आजीला परक्याचे नव्हे, माझे मिंधेपण वाटते. मायेची आमच्या घरात वाण नाही. पण माया कितीही असली तरी ती माणसाला खाटेवरून उचलत नाही. त्याला कंबर लागते, आणि माझी कंबर एकोणिसाव्या वर्षीच दुखते. म्हणून मी वक्तृत्वाच्या मंचावर नाही, इथे छापील स्वरूपात सांगते की मला यंत्र हवे आहे. ज्याला हाक मारताना आजीला लाज वाटणार नाही, असे.

माझे हे मत वडिलांना मान्य नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्यांच्या लायनीवर पूर्वी चार वेल्डर होते. आता जाळीच्या पिंजऱ्यात एक यंत्राचा हात ठिणग्या उडवीत फिरतो. “तो हात चहा पीत नाही, सुट्टी मागत नाही, आणि त्याला पोरंबाळंही नाहीत,” असे ते म्हणतात. पण बापहो, आजीला उचलण्याचे काम पगारी कधी होते? जिथे कुणाला एक पैसा मिळत नव्हता, तिथे यंत्र कुणाची भाकरी हिरावून घेणार? उलट मला दुसऱ्याच गोष्टीचे नवल वाटते. गाडीच्या लोखंडी सांगाड्याला न थकणारा हात आमच्या शहराच्या वेशीवर केव्हाचा मिळाला. माणसाला मात्र तो अजून मिळालेला नाही.

जपानमध्ये ह्यावर पुष्कळ खटाटोप झाला. तिथे चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक पासष्टीच्या पुढचे आहेत आणि काळजी घेणारी माणसे अपुरी. २०१५ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘रोबेअर’ नावाचा अस्वलाच्या चेहऱ्याचा यंत्रमानव दाखवला. तो रुग्णाला दोन्ही हातांवर उचलून खुर्चीत ठेवी. त्याचे स्वतःचे वजन सुमारे १४० किलो! तो आमच्या जिन्यावरून वर कसा आला असता, हा विचार मी करून पाहिला आणि सोडून दिला. त्याच देशात ‘पारो’ नावाचे सील माशासारखे दिसणारे मऊ केसांचे यंत्र आहे. कुरवाळले की ते डोळे मिटते, आवाज काढते. एकट्या पडलेल्या वृद्धांना त्याची सोबत होते म्हणतात. होत असेल. आमच्या गल्लीत मात्र दुपारी आजीच्या खाटेभोवती चार जणी बसलेल्या असतात. तिला सोबत पुष्कळ आहे. जी गोष्ट त्या चौघीही करू शकत नाहीत ती तिला हवी आहे.

जपानपेक्षा मला गोव्याची गोष्ट जवळची वाटते. फोंडा तालुक्यातल्या बेतोड्याचे बिपीन कदम हे रोजंदारीवर काम करणारे गृहस्थ. त्यांची मुलगी हातपाय हलवू शकत नाही. तिला भरवण्याचे काम तिची आई करी. पुढे आईनेच अंथरूण धरले. मुलीला घास भरवायला वडिलांनी काम सोडून घरी यावे, तर चूल कशी पेटायची? कदमांनी भरवणारे यंत्र विकत मिळते का ते शोधले. मिळाले नाही. मग दिवसभर काम करून उरलेल्या वेळात शिकत, चार महिने खपून त्यांनी ते स्वतःच बनवले. यंत्रालाच ताट जोडलेले आहे. मुलीने तोंडाने सांगायचे, वरणभात की भाजी, आणि यंत्राने तो घास तिच्या तोंडाशी न्यायचा. यंत्राचे नाव ठेवले ‘माँ’. ही हकीकत २०२२ साली वर्तमानपत्रांत आली आणि गोवा स्टेट इनोव्हेशन कौन्सिलने त्यांना पुढच्या कामासाठी आर्थिक साहाय्य दिले.

आता आपला वक्ता म्हणेल, पाहा, आईच्या जागी यंत्र आले! पण ह्या यंत्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते म्हणजे मुलीला विचारले जाते. आधी काय खायचे ते ती सांगते. भरवणारे माणूस घाईत असले की हे विचारायचे राहून जाते. मी रोज पाहते.

जयपूर फूटचेही तेच. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा हे फारसे न शिकलेले कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी ह्या शल्यविशारदांनी मिळून हा पाय घडवला. विलायती पाऊल बुटाशिवाय चालत नसे. ते घालून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. आमच्याकडचा माणूस तर जेवायला मांडी घालतो, शेतात अनवाणी जातो. म्हणून त्यांनी रबर आणि लाकूड वापरून असे पाऊल केले की ज्याने हे सगळे करता यावे. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला पाय बसवायचा तो दिवसभर काय करतो, एवढे आधी पाहिले, म्हणून तो पाय चालला.

नाहीतर काय होते, ते आमच्या खाटेमागे उभे आहे. एका शिबिरात आजीला वॉकर मिळाला. फोटो निघाला, हार घातला गेला. वॉकर दोन्ही हातांनी धरायचा असतो आणि आजीचा एकच हात चालतो, हे कुणी पाहिले नाही. शिवाय आमच्या मोरीचे दार बावीस इंचांचे आणि वॉकर त्याहून रुंद. सध्या त्यावर भावाची पॅन्ट वाळते. पुढे गल्लीतल्या वेल्डरने जुन्या पाइपचा एक आडवा दांडा मोरीच्या भिंतीत, आजीच्या डाव्या हाताला, तिला उभी करून तिच्या मापाने बसवून दिला. आत गेल्यावर आता तिला माझी गरज लागत नाही. तिथून ती मला “बाहेर थांब” असे जरा जोरातच सांगते. ते ऐकायला मला आवडते.

शासन काहीच करीत नाही, असे मी म्हणणार नाही. २०१७ पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना काठ्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, कानाची यंत्रे वाटते. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत पासष्ट वर्षांवरील गरजूंना साहित्य घेण्यासाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. वस्तूऐवजी पैसे देणे मला पटते, कारण निवड आपली राहते. पण निवडावे काय, हे घरी येऊन दार आणि हात पाहून सांगणारे कुणी नाही. आणि तीन हजारांत काठी येते, उचलणारे यंत्र येत नाही.

ते यंत्र फार अवघड असेल असेही मला वाटत नाही. स्टेशन रोडच्या गॅरेजांत चेनपुलीने इंजिन उचलतात ते मी जाता-येता पाहते. रुग्णालयांतही झोळीत बसवून, हाताने पंप मारून रुग्ण उचलायची साधने असतात. तसेच काहीतरी लहान, दहा बाय दहाच्या खोलीत मावणारे, वीज गेली तरी चालणारे, आणि बिघडले तर त्या वेल्डरला दुरुस्त करता येणारे हवे. शेवटची अट मी सोडणार नाही.

उस्मानपुऱ्यातच शासकीय तंत्रनिकेतन आहे. अभियांत्रिकीचे मित्रही शहरात पुष्कळ. विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांत रेघेवरून आपोआप चालणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गाड्या छान असतात. ह्या वर्षी त्यांच्यापैकी कुणाला निराळा प्रकल्प हवा असल्यास आमच्या घरी यावे. येताना मोजपट्टी आणावी. सकाळी साडेसहापूर्वी आलात, तर आजीला उठवताना प्रत्यक्ष पाहता येईल. काय हवे ते तिलाच विचारा. ती बोलते हळू, पण सांगते नीट.