सही नको, संमती हवी!

'म्हातारपणी लघवीचा त्रास व्हायचाच' असे म्हणत आपल्या वस्त्यांतली माणसे दिवस ढकलतात. हमाली, बिगारी केलेली कंबर दुखली तर ते कष्टाचे दुखणे ठरते. आणि एक दिवस कळते की प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत गेला आहे.

छत्रपती संभाजीनगरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, ही मराठवाड्याची मोठी सोय. पण उपचार मिळणे वेगळे आणि उपचार निवडता येणे वेगळे.

पसरलेल्या आजारात टेस्टोस्टेरॉन थांबवावे लागते. १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी हे दाखवून दिले. आज त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत : ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन, किंवा एकदाच शस्त्रक्रिया करून अंडकोष काढणे. आजारावर दोन्हींचा परिणाम सारखाच. दोन्हींत लैंगिक इच्छा मावळते. शस्त्रक्रिया स्वस्त आहे, दर वेळी तालुक्यावरून यायला नको. मात्र ती परत फिरवता येत नाही. माझा तिला विरोध नाही. पण रेशनकार्डाचा रंग बघून निर्णय होत असेल, तर त्याला वैद्यकशास्त्र म्हणायचे का?

शिवाय तेवढ्यावर थांबणेही आता पुरेसे नाही. सोबत अबिराटेरॉनच्या गोळ्या दिल्यास रुग्ण जास्त जगतात, हे २०१७ मध्येच सिद्ध झाले. भारतीय कंपन्या ही गोळी बनवतात. 'गरिबाला एवढे पुरे' हे विज्ञान नव्हे, ती जुनी विषमता आहे.

उलट बाजूही बघा. आधुनिक म्हणजे रोबोटच, असे नाही. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित आजार असलेल्यांना १५ वर्षे पाहिले. कोणावर शस्त्रक्रिया, कोणाला रेडिएशन, कोणावर नुसती देखरेख. तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के पुरुष या कर्करोगाने दगावले नाहीत. मग कमी धोक्याच्या आजारात घाबरवून जमीन विकायला लावणे, हीसुद्धा लूटच.

संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. म्हणून आमची मागणी साधी आहे : सगळे पर्याय, त्यांचे परिणाम आणि खर्च रुग्णाला व त्याच्या पत्नीला मराठीत समजावून सांगा; मगच कागदावर सही किंवा अंगठा घ्या. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून गोळ्या खंड न पडता द्या.

बाबासाहेबांनी १९५० मध्ये याच शहरात सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे 'मिलिंद' हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा. नागसेनवनाच्या शहरात आपल्या बापाने डॉक्टरांपुढे मान खाली घालून का बसावे? विचारा!

जय भीम!