मधली सुट्टी : काळं अंडं आणि मामाच्या कोंबड्या



परवा मधल्या सुट्टीत आमच्या नालवाडीच्या शाळेत मोठा कल्ला झाला. खिचडी खाऊन, ताटं धुऊन मुलं व्हरांड्यात जमली होती. चौथीतला एक मुलगा मधोमध उभा राहून रंगवून सांगत होता, "चायनातले लोकं घोड्याच्या मुतात अंडे बुडवून ठेवते अन् काळे झाले की खाते! अन् वटवाघळाचं सूप बी पिते. त्याच्यानंच तर करोना आला. म्या सोता व्हिडिओ पाह्यला!"

"ईऽऽऽ!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. दोघांनी उलटी आल्याचं सोंगही केलं.

एक मुलगी मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "सर, आमच्या मामाची पोल्ट्री अशाच व्हिडिओनं बसली. आई सांगते."

कल्ला थांबला. मी म्हटलं, "बसा रे सगळे. आज या अंड्याचा आणि सुपाचा छडा लावू."

आधी अंड्याचं बघू. चीनमध्ये काळं अंडं खातात, ही गोष्ट अगदी खरी आहे. त्याला तिकडे 'पीदान' म्हणतात. बहुधा बदकाची अंडी घेतात. चुना, राख, मीठ आणि माती यांचा चिखल करून त्यात ती लिंपतात, वर भाताचा कोंडा लावतात आणि काही आठवडे किंवा महिने ठेवून देतात. चुना आणि राख हे क्षार. ते कवचातून हळूहळू आत झिरपतात. मग पांढरा बलक तपकिरी जेलीसारखा होतो आणि पिवळा बलक हिरवट-काळा. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो ना, तोही क्षारच!

मग घोडा आला कुठून? अंड्यात हे बदल होताना अमोनियासारखा उग्र वास सुटतो. त्या वासावरून थायलंडमध्ये या अंड्याला नावच 'घोड्याच्या मुताचं अंडं' अशा अर्थाचं पडलं. नाव ऐकून लोकांनी कृतीच बदलून टाकली! हो, पूर्वी काही कारखानदार अंडी लवकर तयार व्हावीत म्हणून शिशाचं संयुग वापरत. ते शरीराला घातकच. म्हणजे काळजी करण्यासारखी खरी गोष्ट होती ती शिशाची. पण व्हिडिओवाल्याला घोडा जास्त आवडला!

आता सूप. वटवाघळाच्या सुपाचा जो व्हिडिओ जानेवारी २०२० मध्ये जगभर फिरला, तो वुहानचा नव्हताच. तो चीनमधलाही नव्हता. पॅसिफिक महासागरात पलाऊ नावाचा चिमुकला बेटांचा देश आहे. तिथे फळं खाणाऱ्या वटवाघळाचं सूप करतात. एक चिनी प्रवासी बाई तिथे गेली होती. प्रवासाच्या कार्यक्रमासाठी तिने २०१६ मध्ये ते चित्रण केलं होतं. म्हणजे साथीच्या कितीतरी आधी, आणि वुहानपासून हजारो किलोमीटर दूर. कुणीतरी तारीख आणि गाव गाळून टाकलं आणि चित्र तेवढं पुढे ढकललं.

"मग सर, ते लोकं जंगली प्राणी खातच नाही का?" एकाने विचारलं.

प्रश्न बरोबर आहे. काही जण खात होते. वुहानच्या एका बाजारात जिवंत वन्य प्राणी विकले जात होते. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनने जमिनीवरचे वन्य प्राणी खाण्यावर बंदी घातली. विषाणू माणसात नेमका कसा आला, याचा शोध शास्त्रज्ञ अजून घेत आहेत. पण चीनमध्ये सुमारे १४० कोटी माणसं आहेत. भात, नूडल्स, भाज्या, सोयाबीनचं टोफू हे तिथलं रोजचं जेवण. शेजारच्या गडचिरोलीत आणि बस्तरमध्ये आदिवासी बांधव लाल मुंग्यांची चटणी आवडीने खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आता कुणी परदेशात सांगितलं, की सारे भारतीय मुंग्या खातात, तर तुम्ही काय म्हणाल?

आता मामाच्या कोंबड्या. महाराष्ट्रात करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. पण अफवा त्याच्या आधीच, फेब्रुवारीत, गावोगाव पोचली होती! 'कोंबडी खाल्ल्याने करोना होतो' असे संदेश, सोबत आजारी कोंबड्यांची भलतीच चित्रं. कोंबडीचा या आजाराशी संबंध आढळलेला नाही, हे केंद्र सरकारने फेब्रुवारीतच कळवलं होतं. तिकडे हैदराबादेत तर तेलंगणाच्या मंत्र्यांनी सगळ्यांसमोर मंचावर कोंबडी खाऊन दाखवली. पण लोकांच्या मनातली भीती जाईना.

ब्रॉयलर कोंबडी साधारण ४० ते ४५ दिवसांत विक्रीला तयार होते. तिला 'जरा थांब' म्हणता येत नाही. रोज खाद्य लागतंच. गिऱ्हाईक नाही, भाव पडलेला, आणि शेडमध्ये हजारो तोंडं! मुलीच्या मामाने कोंबड्या मिळेल त्या भावाला काढल्या. शेवटी उरलेल्या फुकट वाटल्या, तरी लोक घेईनात. शेडसाठी काढलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं. मामा पुन्हा त्या धंद्यात पडले नाहीत. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची ढेप असते. म्हणजे धक्का थेट आपल्या शेतापर्यंत आला.

आणि माणसांचं काय? ईशान्य भारतातली मणिपूर, नागालँड, मिझोरामची मुलं शिकायला, नोकरीला मोठ्या शहरांत राहतात. आपल्याच देशातल्या या भावंडांना त्यांच्या चेहऱ्यावरून लोकांनी 'करोना, करोना' म्हणून हिणवलं. इतकं, की मार्च २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सर्व राज्यांना पत्र लिहून हे थांबवायला सांगावं लागलं.

बघा, सुरुवात झाली होती दुसऱ्याच्या ताटाला 'ई' म्हणण्यापासून. ज्याची आपल्याला किळस येते, त्याच्याबद्दल काहीही सांगा, आपल्याला ते चटकन खरं वाटतं. अफवा नेमकी तिथेच शिरते.

म्हणून कुठलाही व्हिडिओ आला, की तीन प्रश्न विचारा. हे कुठलं आहे? कधीचं आहे? आणि हे कुणी सांगितलं, त्याला कसं कळलं? उत्तर मिळालं नाही, तर तो व्हिडिओ तुमच्यापाशीच थांबवा. पालकहो, हे तुम्हालाही लागू आहे बरं का! मुलांच्या हाती असले व्हिडिओ बहुतेक वेळा घरच्याच मोबाइलवरून येतात.

घंटा झाली. व्हिडिओवाला मुलगा उठून त्या मुलीजवळ गेला आणि म्हणाला, "घरी गेलो का आईच्या मोबाइलमधून काढून टाकतो." मग थोडा थांबून मला विचारलं, "सर, पण ते काळं अंडं चवीला कसं लागत असन?"

या प्रश्नाने मला फार बरं वाटलं. 'ई' म्हणणारा मुलगा आता 'कसं' विचारत होता!

या आठवड्याचा गृहपाठ : आजीला विचारा, तिच्या लहानपणी घरी खात असलेला आणि आज तुम्हाला विचित्र वाटेल असा पदार्थ कोणता? तो कसा करायचे, ते पाच ओळींत लिहा. आणि 'ई' न म्हणता लिहा हं!

तुमचे,
सर