शेवटच्या रांगेपर्यंत अक्षर

वैशाख शुद्ध चतुर्दशीस सूर्यास्तसमयी नृसिंहजन्म साजरा होतो आणि ताथवडे येथील नृसिंहमंदिरात भाविकांची दाटी होते. पूर्वी शेतीवाडीने वेढलेले हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. एका अंगास महामार्गाची अखंड घरघर, दुसऱ्या अंगास उंच इमारती, महाविद्यालये व हिंजवडीस जाणाऱ्या नोकरदारांची वस्ती. अशा ठिकाणी कीर्तनाचा शब्द श्रोत्यांपर्यंत न्यावा कसा, आणि शेजारच्या रुग्णाच्या उशाशी तो जाऊ नये म्हणून काय करावे, हा प्रश्न विश्वस्तांपुढे व आम्हां कीर्तनकारांपुढे सारखाच उभा आहे.

अनेक दगडी देवळांतील अनुभव आम्ही सांगतो. पुढे बसलेल्यांचे कान बधिर होतात आणि मागे बसलेल्या माताभगिनींस नाद ऐकू येतो, पण अर्थ कळत नाही. मग कोणीतरी आवाज वाढवितो. दगडी भिंतींवरून परतलेला आधीच्या अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरास झाकून टाकतो, हे त्याचे खरे कारण होय. स्वर बलवान, व्यंजने क्षीण. म्हणून प्रथम व्यंजनेच बुडतात. आवाज वाढविला की घुमाराही तितकाच वाढतो, आणि अखेरीस माइक शिट्टी मारू लागतो.

पाणिनीय शिक्षेत उत्तम पाठकाचे सहा गुण सांगितले आहेत. त्यांत माधुर्य आहे, अक्षरांची स्पष्टता आहे, पदच्छेद आहे. मोठा आवाज मात्र नाही. आमच्या ध्वनियोजनेची कसोटीही हीच असावयास हवी.

या कामी एक अल्पमोली साधन आज उपलब्ध आहे. त्यास डिजिटल लाउडस्पीकर प्रोसेसर म्हणतात. मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये ही पेटी बसते. पाश्चात्त्य देशांतील लहान चर्चमध्येही अशा पेट्या वापरतात. बेहरिंजर कंपनीचा डीसीएक्स २४९६ हा त्यांपैकी एक प्रसिद्ध नमुना. त्यास तीन वाटांनी आवाज आत येतो व सहा वाटांनी बाहेर पडतो. प्रत्येक वाटेवर खर्ज व तार स्वर वेगळे करता येतात, घुमणारा स्वरपट्टा उतरविता येतो आणि आवाजास विलंब व मर्यादा लावता येते.

त्यांतील विलंबाचे महत्त्व विशेष आहे. वैशाखातील उष्ण हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३५० मीटर चालतो; तारेतून जाणारा संकेत मात्र तत्क्षणी पोहोचतो. व्यासपीठाजवळच्या ध्वनिवर्धकांपासून २१ मीटर मागे दुसरी जोडी लावली, तर तेथील श्रोत्यास जवळचा शब्द आधी आणि पुढचा शब्द ६० सहस्रांश सेकंद उशिरा ऐकू येतो. शब्द दुहेरी होतो. मागच्या जोडीस तेवढा विलंब आणि वर आणखी १०-१५ सहस्रांश दिला, की दोन्ही शब्द जुळतात. कान प्रथम आलेल्या ध्वनीवरून दिशा ठरवितो, हे हेल्मुट हास यांनी १९४९ साली मांडले होते. त्यामुळे मागील श्रोत्यासही आवाज कीर्तनकाराच्याच मुखातून आल्यासारखा वाटतो. जागोजागी लहान ध्वनिवर्धक, मंद आवाज व योग्य विलंब, ही योजना शिखरावरील कर्ण्यापेक्षा शतपट उपयोगी होय.

दुसरी गोष्ट मर्यादेची. २००० सालच्या नियमांनुसार निवासी वस्तीत ध्वनीची पातळी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ठरलेली आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे. त्याच वर्षी मद्रासमधील एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर सर्वच धर्मांच्या प्रार्थनास्थळांतील ध्वनियंत्रांत आवाजाची मर्यादा आपोआप राखणारी योजना असावी, याचा विचार करण्यास शासनास सांगितले. आमच्या मते हे काम आदेशाची वाट न पाहता करावे. देवळाच्या सीमेवर ध्वनिमापक धरून प्रोसेसरमधील मर्यादा ठरवावी, यंत्रास कुलूपशब्द घालावा, आणि त्याच्या पुढील अ‍ॅम्प्लिफायरची बटणेही पक्की करावी. कारण ती फिरविली तर मर्यादा व्यर्थ होते.

भगवंताचे नाम सर्वांच्या कानी पडावे, मग आवाज का आवरावा, असे काही भाविक विचारतील. त्यांची तळमळ आम्हांस मान्य आहे. परंतु नृसिंहाची गर्जना हिरण्यकशिपूसाठी होती. प्रल्हादाच्या मस्तकावर प्रभूने हात ठेवला. परीक्षेचा अभ्यास करणारे मूल किंवा रात्रपाळी करून निजलेला कामगार हा आपला शत्रू नव्हे.

तथापि पेटी आणली की सर्व साधले, असेही कोणी समजू नये. दगडी मंडपाचा घुमारा कोणतीही पेटी नाहीसा करीत नाही; त्यासाठी ध्वनिवर्धकांचे तोंड भिंतींकडे न ठेवता श्रोत्यांकडे वळवावे, सतरंज्या अंथराव्या, आणि कीर्तनकारानेही माइक मुखाजवळ धरून सावकाश बोलावे. यंत्र जाणकाराकडून एकदा जुळवून घ्यावे. येत्या जयंतीपूर्वी विश्वस्तांनी मोकळ्या मंडपात कोणासही एक अभंग म्हणावयास लावावा आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसावे. तेथे प्रत्येक अक्षर कळते की नाही, हे पाहावे. आणि मग देवळाबाहेर जाऊन शेजाऱ्याच्या दारातही क्षणभर उभे राहावे.