आधी संमती, मग प्रार्थना

कॅथलिक प्राथमिक शाळांचे चालक, शिक्षकवर्ग आणि सर्वधर्मीय पालक यांस वसई परिसरातील काही कॅथलिक पालकांची जाहीर विनंती

सज्जनहो,

आपल्या भागातील कॅथलिक प्राथमिक शाळांत कॅथलिक मुलांच्या बरोबरीने हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन अशा सर्व समाजांची मुले एका बाकावर बसून शिकतात, आणि या शाळांनी गरीब-श्रीमंत, शेतकरी-नोकरदार असा भेद न करता पिढ्यानपिढ्या जे ज्ञानदान केले आहे त्याचे ऋण कोणताही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही. परंतु याच शाळांत सकाळच्या परिपाठात जी प्रार्थना होते, वेळापत्रकात धर्मशिक्षणाचे जे तास असतात आणि सणावारी जे मिस्साबलिदान अर्पण केले जाते, त्यांत कोणत्या मुलाने सहभागी व्हावे आणि कोणत्या मुलाने होऊ नये, हा प्रश्न त्या मुलाच्या आईबापांना रीतसर विचारण्याचा प्रघात बहुतेक ठिकाणी पडलेला नाही. तो आता पडला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. पालकाच्या पूर्वसंमतीवाचून एकाही मुलाला उपासनेत सामील करू नये, आणि ज्याच्या पालकाने संमती दिली आहे त्या मुलाला धर्मशिक्षण पूर्ण, निःसंकोच आणि उत्तम प्रतीचे मिळावे. या दोन मागण्या परस्परविरुद्ध नाहीत. पहिलीवाचून दुसरी सिद्धीस जाणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आम्ही स्वतः कॅथलिक आहोत, आमची मुले याच शाळांत वाढली आहेत, आणि शाळेतील क्रूस व मारियामातेची मूर्ती आम्हांस प्रिय आहे. त्यामुळे हे पत्रक शाळांच्या वैऱ्यांनी काढले आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये.

प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. घंटा होते, रांगा लागतात, राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा होते, आणि मग बाई क्रुसाची खूण करून प्रार्थनेस आरंभ करतात. जिच्या घरच्या देव्हाऱ्यात गणपती आहे अशी पहिलीतील एखादी मुलगी पुढच्या मुलाच्या हाताकडे पाहत आपला हात कपाळावरून छातीवर नेते, आधी डावा खांदा की उजवा याविषयी घोटाळते, आणि बाईंची नजर वळताच घाईघाईने हात जोडून उभी राहते. तिला कोणी दटावलेले नाही, बाई मायाळू आहेत, आणि कोणाच्याही मनात धर्मांतराचा विचार नाही, हे आम्ही पूर्ण जाणतो. तथापि ज्या खुणेत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांवरील श्रद्धेची जाहीर कबुली आहे, ती खूण त्या सहा वर्षांच्या मुलीने कोणाच्या परवानगीने केली, या प्रश्नाला शाळेच्या दप्तरात उत्तर सापडणार नाही.

आता त्याच शाळेतील तिसरीचा वर्ग पाहा. तेथील कॅथलिक मुलाला लवकरच प्रथम ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा आहे. परंतु वर्गात सर्व धर्मांची मुले एकत्र बसलेली असल्यामुळे, आणि कोणाचे मन दुखावू नये या सद्हेतूमुळे, त्याच्या हाती मूल्यशिक्षणाचे असे पुस्तक येते की ज्यात स्वच्छता, वक्तशीरपणा आणि प्राणिमात्रांवरील दया यांचे धडे आहेत, पण ख्रिस्ताचे नाव मात्र जपून, चोरट्या पावलांनी आलेले आहे. म्हणजे एकीकडे बिगर-कॅथलिक मुलीला न विचारता आपली उपासना, आणि दुसरीकडे कॅथलिक मुलाला त्याच्या हक्काच्या धर्मशिक्षणाऐवजी सर्वांना चालेल असे पातळ नीतिशास्त्र. संमती न विचारण्याचे हे दुहेरी फळ आहे.

या बाबतीत कायदा काय म्हणतो हे पुष्कळ पालकांना, आणि खेदाने सांगावे लागते की कित्येक मुख्याध्यापकांनाही, ठाऊक नसते. भारतीय संविधानाच्या 30 व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि 28 व्या अनुच्छेदाच्या पहिल्या खंडाने, संपूर्णतः सरकारी निधीतून चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणास मनाई केली आहे. आपल्या शाळा या दुसऱ्या वर्गात मोडत नाहीत, म्हणून त्यांत धर्मशिक्षण देण्यास प्रत्यवाय नाही. परंतु त्याच अनुच्छेदाचा तिसरा खंड असे सांगतो की, राज्याची मान्यता असलेल्या अथवा राज्याकडून अनुदान घेणाऱ्या शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्यास धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास किंवा धार्मिक उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येणार नाही. अपवाद एवढाच की त्याने, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाने, त्यास संमती दिलेली असावी. अनुदानित शाळेस हे जितके लागू, तितकेच विनाअनुदानित पण मान्यताप्राप्त शाळेसही लागू. ‘आम्ही सरकारचा पैसा घेत नाही’ ही सबब येथे चालत नाही.

या तरतुदीचे मोल इंग्लंडातील व्यवस्थेशी ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. तेथे 1870 च्या शिक्षण कायद्याने पालकाला आपले मूल धर्मशिक्षणातून काढून घेण्याची मुभा दिली. 1944 च्या कायद्याने सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या शाळांत रोजची सामुदायिक उपासना बंधनकारक केली आणि ती मुभाही कायम ठेवली. आणि आजही तेथील सरकारी साहाय्याच्या कॅथलिक प्राथमिक शाळेत उपासना हा नियम असून नकार देण्याचा भार पालकावर आहे. आपल्या घटनाकारांनी याच्या उलट मार्ग धरला. त्यांनी नकाराचा अर्ज पालकाकडून मागितला नाही, तर होकार मिळविण्याचे कर्तव्य शाळेवर टाकले. ज्या खेड्यात जवळपास दुसरी चांगली शाळा नाही, तेथील भात-भाजीपाला पिकविणारा किंवा रोजंदारीवर जाणारा बाप मुख्याध्यापिकांच्या टेबलापुढे उभा राहून ‘माझ्या मुलीला प्रार्थनेला बसवू नका’ असे म्हणण्याचे धारिष्ट कोठून आणणार? त्याच्या मौनाला होकार समजणे ही त्याच्या गरजेची किंमत वसूल करणे होय.

1948 च्या डिसेंबरात संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी भूमिका मांडली तिचा मथितार्थ हाच होता की, एखाद्या समाजाने स्थापलेल्या शाळेस सरकारी साहाय्य मिळाले तरी आपल्या मुलांना आपला धर्म शिकविण्यास तो मोकळा आहे. मात्र इतरांच्या मुलांना त्यांच्या संमतीवाचून त्यात ओढण्याची मोकळीक त्याला नाही. अल्पसंख्याकाचा हक्क आणि व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी या दोहोंना इतक्या नेमकेपणाने जागा देणारी तरतूद आम्हांस दुसरी ठाऊक नाही, आणि तिचा लाभ घेणाऱ्या आम्हा कॅथलिकांनी तिचा अर्धाच भाग वाचावा हे आम्हांस शोभत नाही.

कायदा बाजूस ठेवला तरी खुद्द ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्याविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात कुटुंबाच्या हक्कांचा विचार करताना दोन अन्याय एकाच ठिकाणी नोंदविले आहेत: आईबापांच्या श्रद्धेशी न जुळणाऱ्या पाठांना हजर राहण्याची मुलांवर सक्ती करणे हा एक, आणि सर्व धर्मशिक्षण वगळलेली एकच शिक्षणपद्धती सर्वांवर लादणे हा दुसरा. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात तर बिगर-कॅथलिक मुले ज्यांत शिकतात अशा कॅथलिक शाळांविषयी विशेष जिव्हाळा व्यक्त केला आहे. आणि अगदी अलीकडे, 2024 मध्ये, भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेच्या शिक्षणविषयक कार्यालयाने शाळांना मार्गदर्शक सूचना पाठविल्या. त्यांत अन्यधर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सकाळी संविधानाची उद्देशिका म्हणावी आणि आवारात सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष असावा, असे सांगितले आहे. सूचना आल्या, त्या किती शाळांच्या फायलींतून बाहेर पडून प्रवेश अर्जापर्यंत पोहोचल्या, हे प्रत्येक चालकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.

आमच्यावर जे आक्षेप येतील ते आम्ही जाणतो. पहिला असा की, देव एकच असल्यामुळे प्रार्थनेत धर्माचा प्रश्न येतोच कोठे? हे म्हणणारे सद्भावनेने म्हणतात, परंतु त्यात आपल्याच प्रार्थनेचा अवमान आहे. ‘नमो मारिया’ ही प्रार्थना कोणीही कोठेही म्हणावी अशी सर्वसाधारण शुभेच्छा नव्हे. तिच्यामागे एक विशिष्ट श्रद्धा, एक इतिहास आणि कोट्यवधी भाविकांचे अश्रू आहेत. जी प्रार्थना अर्थ न कळता, रांगेत उभे आहोत म्हणून, शिस्तीचा भाग म्हणून म्हटली जाते, तिने म्हणणाऱ्याचे कल्याण होत नाही आणि ऐकणाऱ्या देवाचा गौरवही होत नाही. श्रद्धा ही मुक्त मनाने दिलेला प्रतिसाद आहे, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवितो. तेच परिपाठाच्या मैदानावर विसरून कसे चालेल?

दुसरा आक्षेप असा की, ज्यांना हे नको त्यांनी दुसरी शाळा पाहावी. हा जबाब कायद्यापुढे टिकत नाही, कारण 28 व्या अनुच्छेदाचे संरक्षण प्रवेश घेताना गमवावे लागत नाही; आणि तो माणुसकीलाही धरून नाही. शाळेने मुलाला प्रवेश देताना त्याच्या घराण्याची श्रद्धा उंबरठ्याबाहेर ठेवण्याची अट घातलेली नव्हती.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो आमच्याच बांधवांकडून येतो. शाळांच्या फाटकांशी घोषणा देत जमाव येऊ लागले आहेत, क्रूस उतरवा, मूर्ती हलवा अशा धमक्या दिल्या जात आहेत, अशा वेळी घरातल्यांनीच हा विषय काढणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणे होय, असे ते म्हणतात. आमचे उत्तर असे की, जमावाला संमतीशी कर्तव्य नसते. त्याला कॅथलिक शाळेचे कॅथलिकत्वच सलत असते, आणि त्याच्यापुढे एका तसूनेही मागे हटण्याचे कारण नाही. आपल्या आवारात आपली श्रद्धाचिन्हे ठेवण्याचा आणि आपल्या मुलांना आपला धर्म शिकविण्याचा हक्क कोणाच्या मेहरबानीचा नसून संविधानाचा आहे. परंतु ज्या शाळेच्या कपाटात प्रत्येक मुलाच्या पालकाची सही असलेले संमतिपत्र आहे, ती शाळा जमावापुढे, शिक्षणाधिकाऱ्यापुढे आणि न्यायासनापुढे ताठ मानेने उभी राहील. ज्या शाळेकडे ते नाही, तिला ‘आजवर कोणी तक्रार केली नाही’ या लंगड्या बचावाचा आधार घ्यावा लागेल.

शिवाय हे तत्त्व आपल्याही मुलांच्या रक्षणाचे आहे. असंख्य ख्रिस्ती, मुसलमान व बौद्ध मुले इतर संस्थांच्या शाळांत जातात आणि तेथे त्यांना न विचारता वेगळ्या वंदना म्हणावयास लावले जाते. 1986 साली केरळातील तीन भावंडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहून, पण श्रद्धेच्या कारणास्तव ते न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढणे घटनाबाह्य आहे. ज्यांची संख्या नगण्य, त्या पंथाच्या मुलांसाठी न्यायालयाने हे दार उघडे ठेवले. उद्या आपल्या मुलासाठी त्याच दाराशी जाण्याचा प्रसंग आला, तर आपल्या शाळांत आपण काय केले, हा प्रश्न आपणांस विचारला जाईल.

राहता राहिला धर्मशिक्षणाचा प्रश्न. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये आणि त्यांची कोकणी धर्मप्रश्नोत्तरी 1622 मध्ये राचोल येथे छापली गेली. चार शतकांपूर्वी एक परदेशी धर्मगुरू आमच्या भाषा आत्मसात करून, ओवीच्या चालीवर आणि सुलभ प्रश्नोत्तरांतून, सामान्य माणसाला श्रद्धेचा अर्थ समजावीत होता. त्या परंपरेचे वारस म्हणविणाऱ्या आम्ही आमच्या मुलांना घाईत पाठ करविलेली, बहुधा परक्या भाषेतील, अर्थशून्य उत्तरे द्यावी काय? ज्यांना हवे त्यांचाच वर्ग भरू लागला म्हणजे शिक्षकाला शब्द चाचरत बोलावे लागणार नाहीत, आणि मुलाला खऱ्या शंका विचारता येतील. त्या वर्गात कोणी हिंदू वा मुसलमान मूल आपल्या आईबापांच्या राजीखुशीने येऊन बसले, तर त्याचे स्वागतच आहे.

म्हणून आमच्या मागण्या येणेप्रमाणे:

1. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक पालकास त्याला समजेल अशा भाषेत स्वतंत्र संमतिपत्र द्यावे. त्यात रोजची प्रार्थना, धर्मशिक्षणाचा तास आणि मिस्साबलिदान यांची नोंद वेगवेगळी असावी, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता यावी.

2. संमती न दिल्यामुळे प्रवेश, तुकडी, फीची सवलत, बक्षिसे अथवा स्नेहसंमेलन यांत तिळमात्र भेद होणार नाही, असे त्याच कागदावर लिहून द्यावे.

3. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा व उद्देशिका सर्वांनी मिळून म्हणावी. कॅथलिक प्रार्थना त्यानंतर, संमती दिलेल्या मुलांसाठी वेगळी व्हावी. त्या वेळात इतर मुलांना व्हरांड्यात ताटकळत ठेवू नये. शिक्षकांच्या देखरेखीखाली वाचनाची सोय करावी.

4. कॅथलिक मुलांचे धर्मशिक्षण तयारीच्या शिक्षकांकडून, शक्यतो मातृभाषेत, नियमितपणे व्हावे, आणि मूल्यशिक्षणाने त्याची जागा घेऊ नये.

5. आपली मुले अन्य संस्थांच्या शाळांत शिकत असतील, तर कॅथलिक पालकांनी तेथेही हाच हक्क लेखी अर्जाने, सभ्यपणे पण ठामपणे मागावा.

चालकांनो, यांपैकी एकाही गोष्टीला सरकारी हुकमाची वाट पाहण्याची गरज नाही, आणि खर्च म्हणाल तर तो एका छापील कागदाचा आहे. येत्या जूनच्या प्रवेशापूर्वी तो कागद तयार करा. पालकहो, तुमचा धर्म कोणताही असो, पालक-शिक्षक संघाच्या पुढील सभेत हे पत्रक वाचून दाखवा, संमतिपत्र मागा, आणि ते हाती आले म्हणजे विचार करून, कोणाच्या भिडेस न पडता, होय किंवा नाही असे स्पष्ट लिहून द्या.

आपले नम्र,
काही कॅथलिक पालक, वसई